हिटलर सत्तेवर कसा आला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन महायुद्धांमधल्या जर्मनीवर काहीही लिहिलं की ठरावीक प्रश्न हमखास येतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचे, तर काही वाद घालायच्या तयारीनेच आलेले. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्नांमागे एक गृहीत असतं: हिटलर येणारच होता, त्याला कोणी अडवू शकलं नसतं. मला ते अजिबात मान्य नाही. का नाही, ते प्रश्न ६ आणि ७ च्या उत्तरांत सविस्तर लिहिलं आहे. वेळ कमी असेल तर निदान ती दोन उत्तरं वाचा.

१. हिटलर जर्मन होता की ऑस्ट्रियन?

जन्माने ऑस्ट्रियन. २० एप्रिल १८८९ रोजी ब्राउनाऊ या सरहद्दीवरच्या गावी तो जन्मला. १९१३ मध्ये म्युनिकला आला आणि पहिल्या महायुद्धात बव्हेरियाच्या पलटणीतून लढला. १९२५ मध्ये त्याने ऑस्ट्रियाचं नागरिकत्व सोडलं. त्यानंतर सात वर्षं तो कोणत्याच देशाचा नागरिक नव्हता. जर्मन नागरिकत्व त्याला मिळालं ते थेट २५ फेब्रुवारी १९३२ रोजी, राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक अगदी तोंडावर आली असताना. ब्राउनश्वाइग राज्याच्या सरकारात त्याच्या पक्षाचा मंत्री होता. त्या सरकारने त्याला सरकारी अधिकारी म्हणून नेमलं आणि त्या नेमणुकीबरोबर नागरिकत्व आपोआप आलं.

२. नाझी पक्ष त्यानेच स्थापन केला ना?

नाही. जानेवारी १९१९ मध्ये आंटोन ड्रेक्सलर नावाच्या कुलूपकाराने म्युनिकमध्ये काही जणांना घेऊन ‘जर्मन कामगार पक्ष’ काढला होता. हिटलर तेव्हा लष्कराच्या पगारावर होता आणि अशा छोट्या गटांवर नजर ठेवणं हे त्याचं काम होतं. सप्टेंबर १९१९ मध्ये तो त्यांच्या सभेला गेला तो खबऱ्या म्हणून. तिथेच तो बोलला, लोकांनी ऐकलं, आणि पुढे तो पक्षातच शिरला. फेब्रुवारी १९२० मध्ये पक्षाचा २५ कलमी कार्यक्रम जाहीर झाला, नाव बदललं, आणि जुलै १९२१ पासून पक्ष पूर्णपणे त्याच्या हातात आला.

३. व्हर्सायच्या तहामुळेच हिटलर आला, असं शाळेत शिकलो. खरं आहे का?

अर्धं खरं. २८ जून १९१९ च्या तहाने जर्मनीचा सुमारे १३ टक्के प्रदेश गेला, सैन्य एक लाखावर आलं आणि युद्धाची जबाबदारी कलम २३१ ने जर्मनीवर टाकली. १९२१ मध्ये नुकसानभरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क असा ठरला. चीड होतीच, आणि ती डावे-उजवे सगळ्यांनाच होती.

पण तह १९१९ चा आणि हिटलर चॅन्सेलर (सरकारचा प्रमुख) झाला १९३३ मध्ये. मधल्या १९२८ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला फक्त २.६ टक्के मतं मिळाली, आणि तह तेव्हाही होताच. शिवाय जुलै १९३२ मध्ये लोझानच्या परिषदेत नुकसानभरपाई जवळजवळ रद्दच झाली, आणि नाझींचं सर्वांत मोठं यश त्याच महिन्यातलं.

तहापेक्षा जास्त विष पसरवलं ते एका खोट्या गोष्टीने. आमचं सैन्य रणांगणात हरलं नाही, घरातल्याच लोकांनी पाठीत खंजीर खुपसला, असं सांगितलं गेलं. खरं तर १९१८ मध्ये शस्त्रसंधीचा आग्रह सेनापतींनीच धरला होता. पण सही करायला पाठवलं मुलकी नेत्याला, माथियास एर्ट्सबेर्गरला. १९२१ मध्ये अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी त्याचा खून केला. आणि पाठीतल्या खंजिराची कहाणी नोव्हेंबर १९१९ मध्ये संसदेच्या चौकशी समितीसमोर सांगणारा माणूस होता फील्डमार्शल हिंडेनबुर्ग. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

४. नोटांच्या थप्प्या देऊन पाव घ्यावा लागत होता, त्या महागाईने हिटलरला आणलं का?

ही सर्वांत जास्त होणारी गल्लत आहे. ती महागाई १९२३ ची. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते आणि बर्लिनमध्ये एका पावाला सुमारे २०,००० कोटी. पण नवं चलन आलं आणि काही आठवड्यांत ती थांबली. मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत गेली आणि सरकारवरचा विश्वासही गेला, एवढा परिणाम उरला.

१९३० नंतरचं संकट नेमकं उलट होतं. अमेरिकेतली पडझड १९२९ ची, त्यानंतर जर्मनीला मिळालेली कर्जं परत मागितली गेली, कारखाने बंद पडले. भाव चढत नव्हते, उतरत होते. चॅन्सेलर हाइनरिश ब्रुनिंगने पगार कापले, कर वाढवले, भत्ते कमी केले. १९३२ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार ६० लाखांवर गेले. हिटलरला मतं मिळाली ती या काळात.

५. १९२३ मध्ये त्याने बंड केलं होतं. राजद्रोह करूनही तो सुटला कसा?

न्यायालयाने सोडला म्हणून. ८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री म्युनिकच्या बियर हॉलमध्ये पिस्तूल झाडून त्याने ‘राष्ट्रीय क्रांती’ जाहीर केली. दुसऱ्या दिवशीच्या मोर्चावर गोळीबार झाला, चार पोलीस मेले, बंड संपलं. पुढच्या वसंतात खटला चालला. न्यायाधीशांनी त्याला तासन्‌तास भाषणं करू दिली आणि वर्तमानपत्रांनी ती देशभर पोचवली. १ एप्रिल १९२४ ला शिक्षा झाली पाच वर्षांची.

आधीच्या एका दंगलीच्या शिक्षेत त्याला चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सवलत मिळालेली होती, ती रद्द व्हायला हवी होती. तो परदेशी नागरिक होता, त्याला हद्दपार करण्याची तरतूद कायद्यात होती. न्यायालयाने दोन्हीकडे डोळेझाक केली. २० डिसेंबर १९२४ ला तो लांड्सबेर्गच्या तुरुंगातून बाहेर आला. ‘माइन काम्फ’चा पहिला भाग त्याने बराचसा त्या मुक्कामातच लिहिला. त्याच काळात डाव्या बंडखोरांना जर्मन न्यायालयं कितीतरी कठोर शिक्षा देत होती. प्रजासत्ताकाच्या न्यायासनावर राजेशाहीच्या काळातलेच न्यायाधीश बसलेले होते, हे त्याचं कारण.

बंड फसल्यावर हिटलरने ठरवलं की सत्ता कायद्याच्या रस्त्यानेच घ्यायची. कायदा मानायचा, असा मात्र त्याचा अर्थ नव्हता.

६. काहीही म्हणा, लोकांनीच त्याला बहुमताने निवडून दिलं ना?

नाही. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून आकडे देतो. नाझी पक्षाची मतं अशी: मे १९२८ मध्ये २.६ टक्के, सप्टेंबर १९३० मध्ये १८.३, जुलै १९३२ मध्ये ३७.३, नोव्हेंबर १९३२ मध्ये ३३.१. मोकळ्या निवडणुकीत त्याने गाठलेला कळस म्हणजे ३७.३ टक्के. ६०८ पैकी २३० जागा. सर्वांत मोठा पक्ष, पण बहुमतापासून बराच दूर.

१९३२ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत तो स्वतः उभा होता. एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत हिंडेनबुर्गला ५३ टक्के, हिटलरला ३६.८. तिथेही हरला.

आणि नोव्हेंबर १९३२ चा आकडा पुन्हा बघा. तीन-साडेतीन महिन्यांत त्याने २० लाख मतं गमावली होती. पक्षाची तिजोरी रिकामी झाली होती. डिसेंबरात ग्रेगोर श्ट्रासर हा पक्षाचा दोन नंबरचा नेता पदं सोडून निघून गेला. त्या नाताळात अनेक जाणकार लिहीत होते की हिटलरची लाट ओसरली. ते चुकीचं बघत नव्हते, लाट खरोखरच ओसरत होती. महिन्याभराने तो चॅन्सेलर झाला.

मार्च १९३३ मध्येसुद्धा, सत्ता हातात असताना, विरोधक तुरुंगात असताना आणि रस्त्यावर त्याचे गणवेशधारी गुंड फिरत असताना, त्याला ४३.९ टक्केच मिळाले.

याचा अर्थ जर्मन मतदार निर्दोष असा मी लावत नाही. एक कोटी ३७ लाख माणसांनी जुलैमध्ये त्याला मत दिलं, आणि तो काय बोलतो हे त्यांनी ऐकलेलं होतं. पण ‘लोकांनी निवडून दिलं’ असं म्हटलं की ज्यांनी खरोखर दार उघडलं ते मोजके लोक नजरेआड होतात.

७. मग बहुमत नसताना तो चॅन्सेलर झाला तरी कसा?

नेमणुकीने. वायमार घटनेनुसार (म्हणजे १९१९ च्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेनुसार) चॅन्सेलर नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा होता. १९३० पासूनचे सगळे चॅन्सेलर संसदेतल्या बहुमतावर नव्हे, तर हिंडेनबुर्गच्या सहीवर चालत होते (प्रश्न ८).

१३ ऑगस्ट १९३२ ला हिंडेनबुर्गने हिटलरला चॅन्सेलरपद साफ नाकारलं होतं. तेव्हा चॅन्सेलर होता फ्रान्ट्स फॉन पापेन. डिसेंबरात जनरल कुर्ट फॉन श्लायशरने त्याची जागा घेतली. दुखावलेला पापेन ४ जानेवारी १९३३ ला कोलोनमध्ये एका बँकरच्या घरी हिटलरला गुपचूप भेटला. दोघांचा शत्रू एकच होता, श्लायशर. पुढच्या तीन आठवड्यांत पापेनने म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षाचं मन वळवलं, आणि त्याच्या मुलाचंही. हिटलरला पद द्यायचं, आजूबाजूला आपली माणसं बसवायची, आणि त्याची गर्दी व मतं आपण वापरायची, अशी ती योजना. बड्या जमीनदारांना आणि पुराणमतवाद्यांना कामगारांचे डावे पक्ष, कामगार संघटना आणि संसदही नको होती. त्यासाठी हिटलर त्यांना उपयोगी वाटला.

३० जानेवारीची सकाळ मात्र सांगण्यासारखी आहे. मंत्री शपथेसाठी जमले, आणि राष्ट्राध्यक्षाच्या सचिवाच्या, ओटो माइस्नरच्या खोलीत भांडण पेटलं. हिटलरला लगेच नव्या निवडणुका हव्या होत्या. राष्ट्रवादी पक्षाचा आल्फ्रेड हुगेनबेर्ग ऐकेना, कारण त्याला धोका दिसत होता. निकाल काहीही लागला तरी तुमचं मंत्रिपद जाणार नाही, असा शब्द हिटलरने दिला, तरी तो हटेना. अकराची वेळ उलटून गेली. पंचाऐंशी वर्षांचे हिंडेनबुर्ग शेजारी ताटकळत होते. राष्ट्राध्यक्षांना आणखी थांबवता येणार नाही असा निरोप आला, हुगेनबेर्गचा विरोध तिथेच मावळला, आणि शपथविधी झाला. हुगेनबेर्ग आणखी अर्धा तास अडून बसला असता तर त्या दिवशीचं मंत्रिमंडळ कोसळू शकलं असतं. जूनमध्ये त्याचं मंत्रिपद गेलंच.

मंत्रिमंडळात हिटलर धरून फक्त तीन नाझी होते. पापेन त्यावर खूश होता. पण त्या तिघांतल्या हेर्मान गोरिंगकडे प्रशिया या सर्वांत मोठ्या राज्याचं गृहखातं आलं, म्हणजे निम्म्याहून जास्त जर्मनीचे पोलीस. आणि प्रशियाचं लोकनियुक्त सरकार २० जुलै १९३२ ला बाजूला सारून ही वाट साफ करून ठेवणारा कोण? स्वतः पापेनच.

८. कलम ४८ म्हणजे नेमकं काय होतं?

सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षाने वटहुकूम काढावा, काही मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करावेत, अशी वायमार घटनेतली तरतूद. संसद असा वटहुकूम रद्द करू शकत होती. पण दुसऱ्या एका कलमाने राष्ट्राध्यक्षाला संसदच विसर्जित करता येत होती. जुलै १९३० मध्ये हेच झालं. संसदेने ब्रुनिंगचा अर्थविषयक वटहुकूम रद्द केला, आणि हिंडेनबुर्गने संसद विसर्जित केली. पुढची निवडणूक खरं तर १९३२ मध्ये व्हायची होती. ती दोन वर्षं आधी, मंदी पेटलेली असताना घेतली, आणि नाझी १२ जागांवरून १०७ वर गेले. १९३२ मध्ये संसदेने अवघे पाच कायदे केले, वटहुकूम मात्र किमान साठ निघाले. हिटलर यायच्या आधीच संसदेचं कामकाज जवळपास थांबलं होतं.

९. त्याला मतं कोणी दिली? बेकारांनी?

मुख्यतः नाही. बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेले. नाझींचा भक्कम आधार होता प्रोटेस्टंट खेडी आणि लहान शहरं: शेतकरी, दुकानदार, कारागीर, कारकून. श्लेसविग-होल्श्टाइनमध्ये जुलै १९३२ ला त्यांना ५१ टक्के मिळाले, तर कॅथलिकबहुल कोलोन-आखेन मतदारसंघात २० टक्क्यांच्या आसपास. तरीही हा एका वर्गाचा पक्ष नव्हता. कामगारांची मतंही त्याला बऱ्यापैकी पडली, आणि आधी मतदानच न करणाऱ्यांचीही.

१०. पैसा उद्योगपतींनी पुरवला ना?

१९३३ च्या आधी, लोक समजतात तितका नाही. फ्रिट्स थ्युसेनसारखे काही जण उघड पाठीशी होते. पण बहुतेक बडे उद्योजक पारंपरिक उजव्या पक्षांनाच पैसे देत होते. नाझी पक्ष वर्गणी आणि सभांच्या तिकिटांवर बराचसा चालत असे. चित्र पालटलं ते सत्ता आल्यावर. २० फेब्रुवारी १९३३ ला गोरिंगच्या निवासस्थानी उद्योगपतींची बैठक झाली आणि निवडणुकीसाठी तीस लाख मार्क उभे राहिले.

११. डावे पक्ष एकत्र आले असते तर?

नोव्हेंबर १९३२ मध्ये सोशल डेमोक्रॅट २०.४ आणि कम्युनिस्ट १६.९ टक्के, म्हणजे मिळून नाझींपेक्षा जास्त. पण मॉस्कोच्या धोरणानुसार कम्युनिस्ट सोशल डेमोक्रॅटांना ‘सामाजिक फॅसिस्ट’ ठरवून मुख्य शत्रू मानत होते. १९१९ मध्ये सोशल डेमोक्रॅट सरकारच्या काळात कम्युनिस्ट नेत्या रोझा लुक्सेंबुर्गचा खून झाला, ती जखमही ताजी होती. एकत्र येऊनही बहुमत झालं नसतंच. रस्त्यावर आणि कारखान्यांत फरक पडला असता, असं मला वाटतं.

१२. ज्यूद्वेष हेच त्याच्या यशाचं कारण होतं का?

ज्यू लोक लोकसंख्येच्या एक टक्काही नव्हते. १९३० नंतरच्या प्रचारात नाझींनी भर दिला तो नोकऱ्या, तह, मार्क्सवादाची भीती आणि ‘भ्रष्ट प्रजासत्ताक’ यांवर. ज्यूद्वेष मागे ठेवला, पण लपवला कधीच नाही. ज्यू नागरिक होऊ शकत नाही, असं १९२० च्या कार्यक्रमाचं चौथं कलमच सांगतं. लाखो मतदारांनी कदाचित त्यासाठी मत दिलं नसेल. पण त्यामुळे मत द्यायचं थांबलेही नाहीत, आणि माझ्या लेखी ही गोष्ट जास्त गंभीर आहे.

१३. संसदेची आग नाझींनीच लावली ना?

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री राइशटागच्या जळत्या इमारतीत मारिनुस फान डेर लुबे हा डच तरुण सापडला. त्याने गुन्हा कबूल केला, आणि जानेवारी १९३४ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्यासाठी शिक्षेचा कायदा मागील तारखेपासून लागू केला गेला. त्याच्याबरोबरचे चार कम्युनिस्ट आरोपी निर्दोष सुटले. आज बरेच इतिहासकार मानतात की हे त्याने एकट्याने केलं, पण वाद पूर्ण मिटलेला नाही.

आग कोणी लावली यापेक्षा दुसऱ्या दिवशी काय झालं ते बघा. २८ फेब्रुवारीच्या वटहुकुमाने भाषण, सभा, वृत्तपत्रं, पत्रव्यवहाराची गुप्तता, विनाकारण अटकेपासूनचं संरक्षण, सगळं स्थगित केलं. सही हिंडेनबुर्गची, आधार कलम ४८ चा. हा ‘तात्पुरता’ वटहुकूम १९४५ पर्यंत टिकला.

१४. त्याने सगळं कायदेशीरच केलं, असं म्हणतात. बरोबर आहे का?

बाह्यतः. मंत्रिमंडळाला संसदेशिवाय, घटनेविरुद्धसुद्धा, कायदे करता येतील असा सर्वाधिकार कायदा २३ मार्च १९३३ ला मंजूर झाला. बाजूने ४४४, विरुद्ध ९४. दोन तृतीयांश मतं लागणार होती. त्यासाठी काय केलं? कम्युनिस्टांच्या ८१ जागा मोजल्याच नाहीत, ते तुरुंगात किंवा भूमिगत होते. सोशल डेमोक्रॅटांचे २६ जण अटकेत वा परागंदा. विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्याला हजर धरायचं, असा नियम ऐन वेळी केला. सभा भरली क्रोल ऑपेरा थिएटरात, आणि वाटेवर व आत नाझींचे तपकिरी गणवेशवाले उभे. कॅथलिकांच्या सेंटर पक्षाला लेखी आश्वासनाचा शब्द दिला होता. ते पत्र कधीच आलं नाही, मतं मात्र पडली.

त्या सभागृहात विरोधात बोलायला एकच जण उठला, सोशल डेमोक्रॅटांचा ओटो वेल्स. ‘आमचं स्वातंत्र्य आणि प्राण घेता येतील, आमची अब्रू नाही,’ असं तो हिटलरच्या तोंडावर म्हणाला. त्याच्या पक्षाच्या हजर असलेल्या चौऱ्याण्णवही जणांनी विरोधात मत दिलं. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होतं.

आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. संसदेची दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षाचे अधिकार यांना हात लावायचा नाही, असं याच कायद्यात लिहिलं होतं. १९३४ मध्ये राज्यांचं सभागृह बरखास्त झालं आणि राष्ट्राध्यक्षपद गिळंकृत झालं. स्वतःच्या सोयीसाठी केलेला कायदाही त्याने पाळला नाही.

१५. मग तो हुकूमशहा नक्की कोणत्या दिवशी झाला?

परीक्षेत विचारलं तर २३ मार्च १९३३ लिहा. प्रत्यक्षात ते दीड वर्ष टप्प्याटप्प्याने चाललं. २ मे १९३३ ला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. १४ जुलैला नाझींखेरीज सगळे पक्ष बेकायदा. ३० जून १९३४ ला सुरू झालेल्या कत्तलीत त्याने आपल्याच वादळी दलाचा (तेच तपकिरी गणवेशवाले) प्रमुख अर्न्स्ट रोम आणि इतर अनेकांना ठार करवलं. त्यांत श्लायशर आणि त्याची बायकोही होती, श्ट्रासरही. ३ जुलैला हे खून कायदेशीर ठरवणारा कायदा निघाला. २ ऑगस्टला हिंडेनबुर्ग वारले आणि सैनिकांनी शपथ घेतली ती देशाची नव्हे, हिटलरच्या नावाची. त्यानंतर त्याला पदावरून काढू शकणारं कोणी उरलं नाही.

१६. याचा आपल्या राज्यघटनेशी काही संबंध आहे का?

आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये आपल्या घटना समितीत आणीबाणीच्या कलमांवर चर्चा चालू होती. तेव्हा समितीचे सदस्य ह. वि. कामत यांनी वायमारचं उदाहरण देऊन धोक्याची सूचना केली होती. कलमं तरीही मंजूर झाली. १९७५ च्या अनुभवानंतर १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद झाली.

१७. १९३४ मध्ये सार्वमत घेतलं तेव्हा ९० टक्के लोक बाजूने होते. मग प्रश्न ६ चं उत्तर खोटं नाही का ठरत?

नाही. १९ ऑगस्ट १९३४ ला कौल होता चॅन्सेलर आणि राष्ट्राध्यक्ष ही दोन्ही पदं एकत्र करण्याबद्दल, आणि ती आधीच एकत्र झाली होती. विरोधी पक्ष नव्हता, विरोधी वर्तमानपत्र नव्हतं, छळछावण्या सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याला मतदानकेंद्रावर आपण ओळखले जाऊ अशी भीती होती. लोकप्रियता तेव्हा खरोखर वाढली होती, हे मी नाकारत नाही. किती वाढली ते या आकड्यावरून मोजता येत नाही, इतकंच. आणि एवढं असूनही ४० लाखांहून जास्त जर्मनांनी ‘नाही’वर खूण केली.